गाळलेलं कडवं

बंधाऱ्याच्या अलीकडं नदीकाठची पायवाट गुरांच्या कुरणात शिरते, तिथं कुंपणापाशी मिस प्रॉबर्ट थांबल्या. त्यांनी पिशवीतून भेट मिळालेले हातमोजे काढले. दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर शेपटीला धरून काढावा तसे. राखाडी लोकरीचे, आतून मऊ अस्तर लावलेले, चांगले महागाचे मोजे होते. एक मोजा त्यांनी कुंपणाच्या खांबावर चढवला, दुसरा त्याच्या पुढच्या खांबावर. आमच्या गावात वाटेत कुणाचा पडलेला मोजा सापडला की तो असाच कुंपणाला अडकवून ठेवायची रीत आहे. ज्याचा असेल तो येऊन घेऊन जातो.

"सापडले, म्हणून ठेवले," त्या म्हणाल्या. "माझे नाहीत ते."

जुलैचं ऊन होतं. पलीकडून दोन गायी मान वर करून त्या लोकरीच्या हातांकडं बघत होत्या. एल्मस्टोच्या सेंट ऑस्विन चर्चपासून मिस प्रॉबर्टचं घर सव्वातीन मैलांवर, त्यातलं निम्मं अंतर सरलं होतं, आणि एवढ्या वाटेत हे त्यांचं पहिलं वाक्य. चर्चच्या मैफलीत गाणाऱ्या डेस्मंडनं गाडीनं सोडतो म्हटलं होतं. त्यावर त्यांनी नुसतं त्याच्या गाडीकडं पाहिलं होतं, रस्त्यावर कुणी ओकून ठेवलं असावं तसं, आणि चालायला लागल्या होत्या. गाण्यांच्या वह्यांच्या दोन पिशव्या होत्या. एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं.

मिस थेल्मा प्रॉबर्ट कोण, असं एल्मस्टोत कुणालाही विचारा. लोक म्हणतील, "त्या होय, डेस्मंडला पियानोची साथ करतात त्या." चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्याची ओळख एवढीच, आणि तीही दुसऱ्याच्या नावानं.

त्यांचे वडील सेव्हर्न नदीवरच्या बंधाऱ्याची दारं उघडायचे. होड्या आल्या की दार उघडायचं, पाणी भरू द्यायचं, दार लावायचं. ते घरही बंधाऱ्यावरच. थेल्मा सहा वर्षांची असताना प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीतल्या पियानोवर शिकायला लागली. त्या पियानोची मधली एक पट्टी मुकी होती. दाबली तरी वाजायची नाही. तेवढा सूर मनात म्हणून पुढं जायची सवय तिला तिथं लागली. पुढं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सदतीस वर्षं टंकलेखन केलं, संध्याकाळी मुलांना शिकवलं, शनिवारी नाचाच्या वर्गाला ठेका धरला, आईचं अंथरूण-पांघरूण तिच्या शेवटापर्यंत केलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला माणसांचा वास सहन होत नाही." ऐकणारा हसायचा, पण त्या खरंच सांगत असत.

किळस त्यांना लवकर येई. गार झालेल्या सुपावरची साय, गालाला गाल लावून भेटणाऱ्या बायका, गाणं चालू असताना चांदीच्या कागदातून सँडविच सोडणारे लोक, दोन गाण्यांच्या मध्येच टाळ्या वाजवणारे लोक. यातल्या कशाबद्दल त्या भांडल्या नाहीत. नाकपुड्या जरा आत ओढल्या जात, तेवढंच. माझी मुलगी त्यांच्याकडं पियानो शिकायची. तिला त्या नाकपुड्यांचीच जास्त भीती.

मुलीला सोडायला जाता जाता मीही बसू लागले, आणि बसून बसून ती पाच रेघांवरची लिपी मला वाचता यायला लागली. वाजवता येत नाही, पण गाणं कुठल्या ओळीवर आहे ते बोट ठेवून सांगता येतं. ते पाहून मिस प्रॉबर्टनी एक दिवस मला गुरुवारच्या मैफलीत पानं उलटायला बसवलं. त्याला आता बारा वर्षं झाली. त्याचे नियम कडक होते. डाव्या बाजूला, जरा मागं बसायचं. ओळ संपायच्या आधी उठायचं. डाव्या हातानं वरचा कोपरा धरायचा. पदर त्यांच्या डोळ्यांसमोरून जाता कामा नये आणि हातात एकही बांगडी वाजता कामा नये. दर गुरुवारी मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवत असे आणि मैफल संपली की देवाचं नाव घेऊन परत भरत असे. त्यांनी मान एकदा हलवली की एक पान. दोनदा हलवली की दोन पानं एकदम.

दोन पानं एकदम का, ते कळायला डेस्मंड फेअरब्रदर कोण ते कळायला हवं.

डेस्मंड घरं विकायचा धंदा करायचा. आता शहात्तर वर्षांचा, निवृत्त. अंगानं उंच, आवाज एके काळी खरोखर भारदस्त. त्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. उन्हाळ्यातही गळ्यात रेशमी मफलर, आणि तोंडात घसा मऊ ठेवणारी काळ्या मनुकांची जांभळी गोळी. गाणं सुरू करायच्या आधी ती गोळी तो तोंडातून काढी आणि पियानोच्या काठावर ठेवी. कागदावरसुद्धा नाही, तशीच, ओली. गाणं संपलं की उचलून परत तोंडात. पियानोच्या काळ्या चकाकीवर त्या जागी नाण्याएवढा पांढुरका डाग पडला होता. तो डाग माझ्या आणि मिस प्रॉबर्टच्या बरोबर मध्ये यायचा. मी मनात रामनाम म्हणून दुसरीकडं बघायची. मिस प्रॉबर्टना मात्र वहीकडं बघावंच लागे, आणि वहीच्या कडेलाच ती गोळी ओली ओली चमकत असे. एकोणतीस वर्षं.

एकोणतीस वर्षांपूर्वी नाताळच्या एका कार्यक्रमाला त्याचा नेहमीचा वादक आजारी पडला. मिस प्रॉबर्टना ऐन वेळी बसवलं. डेस्मंडचा घसा बसला होता. त्यांनी न विचारता, वहीत होतं त्याच्या एक सूर खाली सगळं वाजवलं. तो शेवटी म्हणाला, "कुणाला कळलंसुद्धा नाही." तेव्हा त्यांना ते मोठं कौतुक वाटलं होतं. कुणाला कळू न देणं, हीच साथ करणाऱ्याची विद्या. पण एकोणतीस वर्षं कुणालाच कळलं नाही की त्या विद्येचं काय होतं, ते पुढं दिसलं.

सेंट ऑस्विनची मैफल दर गुरुवारी एकला सुरू होते आणि दोनला दहा कमी असताना संपते. तिकीट नाही. दारात ताटली असते, मागं सूप आणि पाव. बँकेतली माणसं जेवणाच्या सुटीत येतात, पण बहुतेक निवृत्त लोकच. कोट मांडीवर, उकडलेल्या अंड्याचा वास मेणबत्त्यांच्या वासात मिसळलेला. गाणी सगळी इथल्याच मातीची. इथल्याच कवींच्या कविता, इथल्याच लोकांनी आवाज आणि पियानो यांच्यासाठी बांधलेल्या. टेकड्या, मेंढ्या, लढाईवरून परत न आलेली मुलं. पियानो त्यात नुसता मागं मागं येत नाही. गाणारा जे सांगत नाही ते पियानो सांगतो, आणि अर्धी कविता त्याच्याच पोटात असते. हे मिस प्रॉबर्टनी मला शिकवलं.

पूर्वी श्रोत्यांना कवितांचा छापील कागद मिळायचा. कडवं संपलं की सगळे एकदम कागद उलटायचे आणि देवळाच्या कळसावरून पारवे उडावेत तसा आवाज व्हायचा. पाच वर्षांपूर्वी डेस्मंडनं ते कागद बंद करायला लावले. लोकांनी माझ्या तोंडाकडं बघावं, कागदात डोकं खुपसून बसू नये, असं त्यानं समितीला सांगितलं. समितीला ते फार पटलं. छपाईही वाचली.

कागद का बंद झाले ते पियानोपाशी बसलेल्या दोघींनाच माहीत होतं. त्याला शब्द आठवेनासे झाले होते. वही हातात घेऊन गाणं त्याला कमीपणाचं वाटे. मग तो विसरला की जे आठवेल तिथून पुढं धरायचा. कधी दोन ओळी गाळायचा, कधी अख्खं कडवं. अशा वेळी साथ करणाऱ्यानं काय करावं? मिस प्रॉबर्ट त्याच्यामागं उडी मारायच्या. एका श्वासाच्या आत त्या शोधायच्या की हा कुठं पोचला, मान दोनदा हलवायच्या, मी दोन पानं उलटायची, आणि त्यांची बोटं तिथं पोचलेली असायची. पुरात वाहून चाललेल्या माणसाला पुढच्या घाटावर जाऊन धरावं तसं.

पण उडी म्हटली की कुठंतरी पाय वाजतोच. एखादा सूर उशिरा पडे, एखादी जागा रिकामी राही. आणि त्या क्षणी डेस्मंड काय करायचा, ते मी पाच वर्षं जवळून पाहिलं आहे. तो जरासा वळायचा, मिस प्रॉबर्टकडं बघून मायेनं हसायचा, आणि ते हसू तसंच तोंडावर ठेवून श्रोत्यांकडं फिरायचा. म्हातारीला सांभाळून घेतोय बघा मी, असं. श्रोतेही हसायचे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान बोंब तरी मारतो. हा क्षमा करायचा.

मागं सुपाच्या टेबलावर लोक हळहळायचे. थेल्माची बोटं आता चालत नाहीत, डेस्मंड किती समजून घेतो बाई. हे त्यांच्या कानावर यायचं. मी एकदा म्हटलं, सांगून का टाकत नाही समितीला? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच ती गोळी पियानोवर ठेवली.

"साथ करणाऱ्यानं बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या. "बोलायचं असतं तर मी गायला नसते का शिकले?"

त्या बोलल्या नाहीत, लिहीत गेल्या. वह्या चर्चच्या, पण त्यात शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, पानोपानी खुणा आणि तारखा. डे. इथं उशिरा येतो, रेंगाळा. डे.चा सूर इथं उतरतो, उजव्या हातानं चाल धरून ठेवा. इथं श्वास पुरत नाही, घाई करा. आणि एका गाण्याच्या वर: दुसरं कडवं नाही, दोन पानं.

त्याच गाण्यानं शेवटी घात केला. नदीकाठी एक मुलगी नावाड्याची वाट बघते. पहिल्या कडव्यात सकाळ आहे, ती त्याला हाक मारते. दुसऱ्यात पियानो खोल खाली जातो, घंटेचे ठोके पडतात, आणि नावाडी बुडून मेल्याचं कळतं. तिसऱ्यात संध्याकाळ आहे आणि ती तशीच हाक मारते, पहिल्या कडव्यातलीच, शब्दही तेच. मधलं कडवं आहे म्हणून त्या शेवटच्या हाकेनं काळीज हलतं. डेस्मंडला मधलं कडवं पाच वर्षांत एकदाही आठवलं नाही. तो सकाळवरून थेट संध्याकाळवर जायचा. त्याच्या गाण्यात कुणी मरतच नसे. मुलगी दोनदा हाक मारायची, बस्स. आणि श्रोते रुमाल काढून डोळे पुसायचे.

"कशासाठी रडतात हे?" मिस प्रॉबर्ट एकदा वह्या आवरताना पुटपुटल्या होत्या. "नावाडी तर जिवंत आहे."

मंगळवारी समितीचं पत्र आलं. एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार, अलीकडं वादनात होणाऱ्या चुका लक्षात घेता सप्टेंबरपासून साथ मिसेस रूथ ॲटवेल करतील, गुरुवारी निरोपाचा केक ठेवला आहे, आणि गाण्यांच्या वह्या तेवढ्या परत कराव्यात. पत्रावर समितीच्या प्रमुख मिसेस जिलियन पॉक यांची सही होती. पण 'वादनात होणाऱ्या चुका' हे शब्द कुणाचे ते वेगळं सांगायला नको होतं. जागा गेल्याचं दुःख नव्हतं त्यांना. चौऱ्याहत्तरी आली, कधीतरी उठायचंच होतं. पण त्याच्या चुका पदरात घेऊन उठायचं, आणि एल्मस्टोनं त्या चुकांसकट त्यांना पुरायचं, हे घशाखाली उतरेना.

गुरुवारी सकाळी तालमीला डेस्मंड वेळेवर आला. गोळी काढून डागावर ठेवली. मग मिस प्रॉबर्टच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं थेल्मा, त्या नावाड्याच्या गाण्यात मधे तू हरवतेस बघ. आज शेवटचा दिवस आहे तुझा. जरा माझ्याकडं लक्ष दे."

मिस प्रॉबर्टनी खांदा हलवला नाही. झुरळ अंगावर असताना माणूस गोठतो, तशा त्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, मिस्टर फेअरब्रदर." एकोणतीस वर्षं तो त्यांना अगं-तुगं म्हणत आला होता आणि त्या त्याला मिस्टर फेअरब्रदर.

एकला चर्च भरलं. निरोपाचा कार्यक्रम म्हणून गर्दी जास्तच होती. पहिली चार गाणी तोलून नेली. त्यात त्यांनी तीन वेळा त्याच्यासाठी रेंगाळणं केलं, दोनदा चाल धरून ठेवली, आणि एकदा कशावरून तरी त्यानं त्यांच्याकडं बघून मायेनं हसून घेतलं. पाचवं गाणं नावाड्याचं.

पहिलं कडवं झालं. मधे पियानोच्या दोन ओळी आहेत, त्या झाल्या. डेस्मंडनं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तिसरं कडवं धरलं. मी उठलेच होते. हात वहीच्या कोपऱ्याशी नेला, दोन पानं चिमटीत धरली. मिस प्रॉबर्टनी मान हलवली. पण ती होकाराची नव्हे. आडवी, एकदा. आरतीचं ताट आपल्यापाशी येतंय म्हणून हात पुढं करावा आणि ताट तसंच पुढं निघून जावं, तसा माझा हात हवेतच राहिला.

त्यांनी दुसरं कडवं वाजवायला घेतलं. जसं लिहिलं होतं तसं. वर डेस्मंडची संध्याकाळ, खाली बुडालेल्याची घंटा. दोन आवाज एकमेकांत अडकले. तेलात पाणी पडल्यावर होतं तसं काहीतरी कानांत तडतडलं. तीन-चार शब्दांवर तो थांबला. त्या थांबल्या नाहीत. चर्चमध्ये दोन ओळीभर नुसत्या त्या घंटा वाजल्या, खोल, हळू. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या गाण्यात नावाडी मेला. मला वाटलं, आता कळेल. आता सगळ्यांना ऐकू आलं असेल.

डेस्मंडनं हात वर केला. मिस प्रॉबर्ट थांबल्या. तो वळला, तेच हसू, आणि श्रोत्यांना म्हणाला, "आमच्या थेल्माचा आज शेवटचा दिवस आहे. मन भरून आलंय तिचं. आपण तिला सांभाळून घेऊ या, काय?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, प्रेमानं, बराच वेळ. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर त्यांच्याकडं बघून चुंबन उडवलं. डेस्मंडनं तिसरं कडवं पहिल्यापासून सुरू केलं. मिस प्रॉबर्टनी मान दोनदा हलवली, मी दोन पानं उलटली, आणि त्यांनी ते जसं हवं तसं वाजवलं. वाईट वाजवणं त्यांना जमतच नव्हतं. त्यांच्या नाकपुड्या मात्र पार आत गेल्या होत्या, आणि शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मागच्या खोलीत अळंब्यांचं सूप होतं, वर साय धरलेलं. टेबलावर पियानोच्या पट्ट्यांसारखा केक. मिसेस पॉक यांनी मिस प्रॉबर्टचे दोन्ही हात आपल्या ओलसर हातांत घेतले आणि मनाला लावून घेऊ नका म्हणाल्या. त्यांची आई तर सत्तरीतच स्वतःच्या मुलांची नावं विसरायची. हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं. मिस प्रॉबर्ट केककडं बघत होत्या.

"काळ्या पट्ट्या सगळ्या दोन दोनच्याच काढल्यात," त्या म्हणाल्या. "तीनच्या कुठं गेल्या?"

"अहो, खायचाय तो, वाजवायचा नाहीये," मिसेस पॉक म्हणाल्या, आणि सगळे हसले. डेस्मंड सगळ्यात मोठ्यानं. गोळी तोंडात होती, ती दातांवर खडखडली. मग मोजे दिले. कागद सोडायला लावला, घालून बघायला लावले. थंडीत बोटं आखडतात ना तुमची, म्हणून. जुलै महिन्यात त्या लोकरीचे मोजे घालून उभ्या राहिल्या, हात अंगापासून लांब धरून, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

रूथ ॲटवेल कोपऱ्यात उभी होती. शाळेत संगीत शिकवते, चाळिशीची, कमी बोलणारी. ती तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. जवळ येऊन तिनं वह्या कधी मिळतील एवढंच विचारलं. मिसेस पॉक म्हणाल्या, आत्ताच द्या की. मिस प्रॉबर्टनी मोजे काढून पिशवीत कोंबले आणि म्हणाल्या, सोमवारी आणून देते.

कुंपणावर मोजे चढवून झाल्यावर त्या पुन्हा चालायला लागल्या. आता बोलत होत्या, पण माझ्याशी नव्हे, पायवाटेशी बोलावं तसं. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, म्हणाल्या, राग धुतला जातो. हे अंगाला चिकटलं होतं. त्या दोन ओळी कुणीच ऐकल्या नाहीत याची त्यांना शिसारी आली होती. दीडशे माणसांसमोर खरं वाजवलं, उघड वाजवलं, आणि दीडशे माणसांनी ते खोटं म्हणून ऐकलं, वर प्रेमानं माफ केलं. असल्या प्रेमापेक्षा कुणी तोंडावर थुंकलं असतं तर पुसून तरी टाकता आलं असतं.

मी म्हटलं, वह्या आहेत ना तुमच्याकडं. खुणा आहेत. तारखा आहेत. मिसेस पॉकसमोर उघडून ठेवा. कुणाची चूक ते आंधळ्यालाही दिसेल.

"आणि काय म्हणू?" त्या म्हणाल्या. "बघा हो, मी एकोणतीस वर्षं याचा मळ कसा निपटला ते? दारोदार ती घाण दाखवत हिंडू?"

बंधारा आला. त्यांच्या वडिलांचा. आता दारं विजेवर चालतात. कठड्यावर त्यांनी पिशवी टेकवली, मधली एक वही काढली आणि उघडली. पुठ्ठ्यावर जांभळा, चिकट गोल डाग होता. आज मैफलीत एकदा गोळी बहुतेक वहीवरच ठेवली गेली होती. त्यांनी तो बघितला, मग पानं उलटली. कडेकडेनं मुंग्यांच्या रांगा.

त्यांनी हळू हळू सांगितलं. ह्या खुणा रूथला मिळाल्या तर ती शहाणी बाई आहे, त्याप्रमाणं वाजवील. तो उडी मारेल, ती उडी मारेल, तो तिच्याकडं बघून हसेल, आणि अजून एकोणतीस वर्षं कुणाला काही कळणार नाही. खुणा नसल्या तर ती समोर लिहिलंय ते वाजवेल. सप्टेंबरात नावाड्याचं गाणं येईल. तो तिसरं कडवं धरेल आणि ती दुसरं वाजवील.

"आणि ती चाळीस वर्षांची आहे," मिस प्रॉबर्ट म्हणाल्या. "तेव्हा पियानोवर म्हातारं कुणी नसेल."

मला ते बरं वाटलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. हा सूड झाला, म्हटलं, आणि त्यात ती बिचारी रूथ सापडेल. शिवाय या खुणा पुसल्या की तुमच्या बाजूचा एवढा एक पुरावा, तोही जाईल.

"लिहिलंय ते वाजवणं हा सूड?" त्यांनी विचारलं. "आणि रूथला मी सोमवारी एवढंच सांगणार आहे की त्याच्या तोंडाकडं बघू नको, वहीकडं बघ. कुठल्याही शिक्षकानं सांगावं तेवढंच."

पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी कोटाच्या खिशातून एक पांढरं कोरं खोडरबर काढलं. अजून त्याच्यावरचा कागदही निघाला नव्हता. म्हणजे हे आज सुचलेलं नव्हतं. मंगळवारीच, पत्र आल्यावर, आणलं असणार. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि आपली पिशवी माझ्या पिशवीशेजारी टेकवली.

"मी काल बसले होते पुसायला," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खुणेपाशी तो मला ऐकू यायला लागला. प्रत्येक ठिकाणी तोच श्वास, तीच गोळी. रबराचा कागद सोडायच्या आधीच, चौथ्या पानावर, मला उठून जावं लागलं मोरीपाशी." नाकपुड्या आत गेल्या, मग पुन्हा सुटल्या. "तुमचा हात हलका आहे, मिसेस बापट. सोमवारच्या आत तेवढं पुसून द्याल? सगळं. एकही खूण ठेवू नका. आणि वाचत बसू नका हं, नुसतं पुसा."